जुन्या अपार्टमेंटचं गेट आणि जिना : कुलूप घेण्याआधी दरवाजा नीट लागतो का ते बघा

लातूरहून एका ताईंनी विचारलंय. बिल्डिंग 1996 ची, खाली चार दुकानं आणि एक दवाखाना, वर तीन मजल्यांवर 14 फ्लॅट, त्यातले पाच क्लासच्या मुलांना कॉट बेसिसवर दिलेले. दोन महिन्यांत पार्किंगमधल्या दोन गाड्यांच्या बॅटऱ्या गेल्या, जिन्यात ठेवलेलं पार्सल गेलं, आणि एका सकाळी गच्चीच्या जिन्यात अनोळखी माणूस झोपलेला सापडला. मीटिंग बोलावली तर निम्मे म्हणायलेत कॅमेरे लावा, निम्मे म्हणायलेत रात्री दहाला चॅनल गेटला, म्हणजे जिन्याच्या घडीच्या सरकत्या लोखंडी गेटला, कुलूप घाला अन् चावी खालच्या फ्लॅटमध्ये ठेवा. खर्चाचं नाव काढलं की सगळे गप्प. तर आधी काय करावं?

ताई, मी 27 वर्षं हेच काम करतोय, आधी फॅब्रिकेशनचं दुकान होतं, मग जुन्या बिल्डिंगांच्या देखभालीचे गुत्ते घ्यायला लागलो, संभाजीनगर, जालना, परभणी, तुमचं लातूर पण. माझं मत सरळ आहे. कॅमेरा नंतर, वॉचमन नंतर, कुलूप सुद्धा नंतर. आधी जिन्याला असा दरवाजा पाहिजे जो माणूस आत गेला की मागून आपोआप लागतो, बाहेरून चावीशिवाय उघडत नाही, आणि आतून सात-आठ वर्षांच्या पोराला अंधारात एका हाताने उघडता येतो. या तीन गोष्टी झाल्या की तुमचा बराचसा त्रास तिथेच संपतो, आणि यातली एक जरी राहिली तरी बाकी कितीही पैसा घाला, रात्री दोन वाजता दार उघडंच सापडणार. कारण 14 घरं, मुलं, कामाच्या मावशी, दूधवाला, सिलिंडरवाला, एवढ्या सगळ्यांनी प्रत्येक वेळी आठवणीने गेट लावावं ही अपेक्षाच चुकीची आहे, त्यांच्यावर चिडून काही होत नाही, पाट्या लावून तर अजिबातच नाही.

त्या रात्रीच्या कुलुपाचं आधी बोलतो, कारण मला त्याचीच भीती जास्त वाटते. चॅनल गेटला आतून कुलूप आणि चावी एका घरात, ही पद्धत आपल्याकडे लई बिल्डिंगांत आहे आणि ती बंद झालीच पाहिजे. काही वर्षांपूर्वी माझ्या कामातल्याच एका बिल्डिंगमध्ये जिन्याखालच्या मीटर बोर्डात पहाटे जळालं, धूर जिन्यातून सरळ वर, लोक अंधारात खाली पळत आले तर चॅनलला कुलूप, आणि चावी ज्यांच्याकडे ते कुटुंब लग्नाला गावी गेलेलं. शेवटी बाहेरच्या एका पोराने दगडाने कुलूप फोडलं म्हणून निभावलं, पण खोकत असलेल्या म्हाताऱ्या आजी आणि त्यांना धरून बसलेली सून मला अजून दिसतात. तुम्ही तर लातूरचे, 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, 3 वाजून 56 मिनिटं, किल्लारीचा भूकंप, तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा तेव्हा दाराबाहेर पडायला किती वेळ होता. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये पण हेच आहे, की बाहेर पडायचा दरवाजा आतून चावीशिवाय उघडला पाहिजे. त्यामुळे मीटिंगमध्ये ज्यांचं मत कुलुपाचं आहे त्यांना एवढंच विचारा, रात्री तीनला धूर झाला तर चावी कोण शोधणार.

आता दरवाजा. चॅनल गेट स्वतःहून कधीच लागत नाही, त्याची रचनाच तशी आहे, खालच्या पट्टीत माती भरते, दोन माणसं लागतात ओढायला, म्हणून लोक अर्धवट उघडं सोडतात. ते काढून टाका किंवा उघडं करून कायमचं बांधून ठेवा, आणि त्या चौकटीत एकपाखी लोखंडी दरवाजा बसवा, कमीत कमी मीटरभर रुंद, म्हणजे स्ट्रेचर पण जाईल अन् फ्रिज पण. उघडायला बाहेरच्या दिशेने, पण पायरीवर उघडणारा नको, समोर सपाट जागा पाहिजे. वरचा अर्धा भाग जाळीचा ठेवा म्हणजे बाहेर कोण उभं आहे ते दिसतं, हवा खेळते. कुलूप असं घ्या ज्याला बाहेरून चावी आणि आतून नुसता नॉब आहे, नाईट लॅच म्हणतात त्याला, हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतं. इथे एक चूक अगदी हमखास होते, फॅब्रिकेटर जाळीचा दरवाजा करतो, आत नॉबवालं कुलूप लावतो, आणि जाळीतून हात घालून बाहेरचा माणूस आरामात नॉब फिरवतो. म्हणून कुलुपाच्या चारी बाजूंनी हातभर लांबीपर्यंत पत्रा मारून घ्या, तुमच्यातल्या सगळ्यात लांब हाताच्या पोराला बाहेर उभं करा, प्रयत्न करू द्या, त्याला नॉब लागला नाही तरच मिस्त्रीचे पैसे द्या.

दरवाजा आपोआप लावायला हायड्रॉलिक डोअर क्लोजर. घेताना दरवाजाचं वजन सांगून घ्या, कारण क्लोजर वजनाप्रमाणे येतात आणि जाड पत्र्याच्या दरवाजाला हलका क्लोजर लावला तर तो वर्षभरात तेल सोडतो, तेल गळायला लागलं की दुरुस्ती होत नाही, बदलायचाच. क्लोजरला बाजूला दोन छोटे स्क्रू असतात, एक दार किती वेगाने येतं त्याचा, दुसरा शेवटच्या वीतभर अंतरात लॅच, म्हणजे कुलुपाची जीभ, बसायला किती जोर लागतो त्याचा. पाव पाव वळसा फिरवायचा, जास्त नाही, पूर्ण उघडला तर तेलच बाहेर येतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो, तेल पातळ होतं, दार धाडकन आपटतं आणि वरच्या मजल्यावरचे वैतागून दाराखाली वीट लावतात. डिसेंबरात तेल घट्ट होतं, दार अर्ध्यात थांबतं, लॅच बसत नाही. म्हणून वर्षातून दोनदा, होळीला आणि दिवाळीला, ते स्क्रू हलवावे लागतात. पाच मिनिटांचं काम आहे पण कोणाच्या तरी नावावर पाहिजे. हा क्लोजर जिन्याच्या दरवाजालाच, पावसात उभ्या असलेल्या कंपाऊंडच्या मोठ्या गेटला लावू नका, तिथे तो टिकत नाही.

कंपाऊंडचं गेट हा वेगळा विषय, आणि मराठवाड्यात तो बाहेरच्यांना कळत नाही. काळी माती. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि गेटचे खांब बहुतेक ठिकाणी जेमतेम दीड फूट खोल रोवलेले असतात. मग ऑगस्टमध्ये गेट एकमेकांत अडकतं, लाथ मारून उघडावं लागतं, आणि एप्रिलमध्ये दोन पाखांत दोन बोटांची फट, कडी कोयंड्यात पोचतच नाही. मी स्वतः 2001 मध्ये हीच चूक केली, एका बिल्डिंगचं गेट पावसात अडकलं म्हणून ग्राइंडरने कडा घासून दिली, लोक खूश, आणि पुढच्या उन्हाळ्यात ते गेट लागेनाच, त्याच महिन्यात तिथून सायकली गेल्या. घासायला नको होतं, खांबाकडे बघायला पाहिजे होतं. तेव्हापासून मी आधी ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, लावून खांब सरळ आहे का बघतो. खांब कलले असतील तर काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खोदायचं, तिथून काँक्रीट घेऊन वर यायचं, आणि दोन्ही खांब जमिनीखालून एका बीमने एकमेकांना बांधायचे, म्हणजे हलले तरी बरोबर हलतात, मधलं अंतर बदलत नाही. एवढा खर्च जमत नसेल तर निदान कोयंड्याचं भोक गोल न ठेवता उभट लांब करून घ्या, म्हणजे गेट थोडं वरखाली झालं तरी कडी बसते. आणि खांबापाशी पाणी मुरू देऊ नका, गाड्या धुवायची जागा बदला, एका बाजूने माती ओली राहिली की खांब हमखास कलतो. मोठं गेट रोज उघडायचं नसेल तर त्यातच माणसापुरता छोटा दरवाजा काढून घ्या, आपल्या जुन्या वाड्यांच्या मोठ्या दारात दिंडी असायची ना, तसा. लोकांना चार फुटी पाख ओढायला जड जातं म्हणूनच ते उघडं राहतं, हलकी दिंडी कोणीही लावतं.

अजून एक आपल्याकडचीच गोष्ट, टँकर. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते दिवस तुम्ही काढलेत, मला सांगायची गरज नाही. टंचाईत टँकरचा पाइप गेटमधून टाकीपर्यंत टाकतात, गेट सुतळीने बांधून ठेवतात, टँकर जातो आणि सुतळी तशीच राहते, कधीकधी महिनाभर. संभाजीनगरला नळ रात्री-अपरात्री येतो तेव्हा मोटर लावायला उतरलेली माणसं पण असंच करतात. उपाय साधा आहे, कंपाऊंडच्या भिंतीतून टाकीपर्यंत कायमचा पाइप टाकून घ्या, बाहेरच्या तोंडाला कपलिंग आणि कुलूप लागेल असं झाकण. टँकरवाला रस्त्यावरूनच जोडतो, गेट उघडायचा प्रश्नच येत नाही. ज्या ज्या बिल्डिंगला मी हे करून दिलं तिथे लोक म्हणाले आधी का नाही सुचलं.

मुलांचं. ताई, तुमच्या पत्रात मुलांवर थोडा राग दिसला मला, तो नको. सोळा-सतरा वर्षांची पोरं घर सोडून आलेली, रात्री अभ्यासिकेतून अकराला परततात, त्यांना आत येता आलंच पाहिजे, दार बंद करून बाहेर उभं केलं तर ती भिंतीवरून चढायला शिकतील आणि मग तीच वाट दुसऱ्यांना दिसेल. अडचण मुलं नाहीत, अडचण चाव्या आहेत. दर जूनला नवी बॅच येते, जुनी चावी घेऊन जाते, चौकातला चावीवाला पाच मिनिटांत डुप्लिकेट काढतो, दहा वर्षांत तुमच्या दरवाजाच्या किती चाव्या लातूर जिल्ह्यात फिरायलेत कोणालाच माहीत नाही. म्हणून कुलूप असं घ्या ज्याचं सिलिंडर, म्हणजे चावी जाते तो गाभा, वेगळं निघतं, दर जूनला नुसतं सिलिंडर बदला, पूर्ण कुलूप बदलायची गरज नाही. ज्याला दुकानदार कॉम्प्युटर की म्हणतात ती खळगेवाली चावी घ्या, साध्या मशीनवर निघत नाही. प्रत्येक चावीवर नंबर ठोका, वहीत नाव, आणि अनामत घ्या, खोली सोडताना चावी दिली की परत. आणि भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देणं हे घरमालकाचं काम, महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर घरबसल्या भरता येते, त्याची एक प्रत बिल्डिंगच्या फाइलला लावा. पाच फ्लॅटचे मालक बाहेरगावी राहत असतील तर त्यांना हे लेखी कळवा.

टॅगवालं इलेक्ट्रॉनिक कुलूप घ्यावं का, असं पण कोणी तरी म्हणेलच. तुमच्यासारख्या बिल्डिंगला, जिथे दरवर्षी माणसं बदलतात, ते खरंच सोयीचं आहे, मुलगा गेला की त्याचा टॅग मशीनमधून काढून टाकायचा, बाकी कोणाला काही करावं लागत नाही. पण दोन गोष्टी विचारून घ्या. एक, टॅग 125 किलोहर्ट्झचा आहे का 13.56 मेगाहर्ट्झचा, पहिला अगदी सहज कॉपी होतो, दुसऱ्यातला चांगल्या प्रकारचा मागा. दोन, लाइट गेल्यावर काय होतं. चुंबकाचं कुलूप, जे साधारण 600 पाउंडाचं म्हणजे पावणेतीनशे किलोच्या ओढीचं येतं, ते लाइट गेली की उघडतं. आगीच्या दृष्टीने ते चांगलंच आहे, पण आपल्याकडे उन्हाळ्यात वादळी पाऊस आला की रात्रभर लाइट नसते आणि तेवढा वेळ दार नुसतं लोटलेलं. म्हणून 12 व्होल्ट 7 एएचची (अँपिअर-तासाची) बॅटरी पाहिजेच, अर्धा अँपिअर खाणाऱ्या कुलुपाला ती हिशोबाने 14 तास, प्रत्यक्षात दहा-बारा तास पुरते, आणि दोन-तीन वर्षांत तिची ताकद जाते, बदलावी लागते. आतल्या बाजूला बाहेर पडायचं बटण आणि शिवाय काच फोडायचा लाल डबा, जो थेट करंट तोडतो, हे दोन्ही नसेल तर ते कुलूप बसवूच देऊ नका. पैसे कमी असतील तर चावीवालं साधं कुलूप आणि चांगला क्लोजर, मला तेच जास्त आवडतं.

लाइट. पार्किंग आणि जिन्यात मिळून 9 वॅटचे चार एलईडी रात्री 12 तास चालू ठेवले तर महिन्याला 13 युनिट होतात, तेवढ्यासाठी अंधार ठेवायचा? वर एक छोटा सेन्सर लावा, अंधार पडला की लागतो, उजाडलं की जातो, बटण दाबायचं काम कोणाकडे नको. त्याच वेळी जिन्याखालचा मीटर बोर्ड बघा. त्याच्या पुढ्यात मोटरसायकली लावलेल्या असतील, पेट्रोलच्या टाक्या आणि जुन्या वायरी यांच्यात वीतभर अंतर, तुमच्याकडे पण तसंच असणार. तिथली पार्किंग आजच बंद करा, मीटिंगची वाट बघू नका. इलेक्ट्रिक स्कूटर जिन्यात चार्जिंगला लावणं पण बंद, तिला मोकळ्यावर वेगळा पॉइंट द्या. लायसन्सवाल्या वायरमनकडून सामाईक लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, बसवून घ्या, लोखंडी दरवाजाला कुठे वायर टेकली तर हात लावणारा वाचतो.

आता कॅमेरे, लावा, पण दार नीट झाल्यावर. एक कॅमेरा दारातून आत येणाऱ्याचा चेहरा दिसेल असा, डोक्याच्या थोडा वर, छताला नाही, छतावरून टकलं आणि टोप्याच दिसतात. बाहेरचं ऊन थेट समोर असेल तर चेहरा काळा येतो, म्हणून डब्ल्यूडीआर, म्हणजे ऊन आणि सावली दोन्ही सांभाळून घ्यायची सोय, असलेला मागा. दुसरा गाड्यांवर. कोणाच्या फ्लॅटच्या दारावर रोखलेला नको, त्यावरून शेजाऱ्यांत जे लागतं ते सुटत नाही. हिशोब असा, 2 मेगापिक्सलचा कॅमेरा साधारण 2 एमबीपीएसवर दिवसाला 21 जीबी घेतो, चार कॅमेऱ्यांना 1 टीबीची डिस्क अकरा-बारा दिवस पुरते. चोरी पंधरा दिवसांनी लक्षात आली तर काही उरलेलं नसतं. डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा, पार्किंगमधल्या पेटीत ठेवू नका, चोर कॅमेऱ्याआधी तोच नेतो. महिन्यातून एकदा त्याची तारीख-वेळ घड्याळाशी लावून बघा, वेळ चुकीची असली की पोलिसांना ते फुटेज जुळवताना फार त्रास होतो.

वॉचमन तुम्हाला परवडणार नाही, 24 तासांसाठी बारा-बारा तासांची दोन माणसं आणि सुट्टीला तिसरा लागतो, 14 घरांत ते जमत नाही. घेतलाच तर लायसन्स असलेल्या एजन्सीकडून.

गच्ची. तो माणूस तिथे कसा पोचला ते शोधा, खालून आला का शेजारच्या गच्चीवरून उडी मारून. गच्चीच्या दाराला जिन्याच्या बाजूने भक्कम कडी ठेवा, कुलूप नको. म्हणजे वरून कोणी आत येऊ शकत नाही, आणि खाली धूर झाला तर तुम्ही कडी काढून वर जाऊ शकता. उन्हाळ्यात लोक गच्चीवर झोपतात तेव्हा कडी काढलेली असते, सकाळी सगळ्यात शेवटी खाली येणाऱ्याने ती लावायची, एवढं ठरवून घ्या.

पैशाचं. आधी कागद बघा, तुमची नोंदणी सोसायटी म्हणून आहे का 1970 च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली डीड ऑफ डिक्लेरेशन, म्हणजे मालकीचं घोषणापत्र, केलेलं आहे का दोन्ही नाही. आपल्याकडच्या लई जुन्या बिल्डिंगांत बिल्डर गेला आणि काहीच झालेलं नसतं. सोसायटी असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांप्रमाणे, सेवाशुल्क सगळ्यांना सारखं, दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामासाठी साठवायचा निधी, किमान 0.25 टक्के. अपार्टमेंट असेल तर वाटा डीडमध्ये लिहिलेल्या टक्क्याप्रमाणे. दुकानं आणि दवाखान्याचे मालक पण यात येतात, ते म्हणतील आमचा जिन्याशी काय संबंध, पण पार्किंग, गेट, पाणी त्यांचंही आहे, त्यांना मीटिंगला बोलवा, न बोलावता वर्गणी मागितली की ते अडून बसतात. दवाखान्याच्या पेशंटचा रस्ता जिन्यातून जात असेल तर त्यांचं दार रस्त्याकडून वेगळं होतं का ते आधी बघा, नाहीतर दिवसभर तुमचं दार धरून ठेवायला लागेल. नोंदणीच नसेल तर ती होईपर्यंत थांबू नका, तिघांच्या सहीचं बँक खातं उघडा, घरटी महिना 100 रुपये म्हटलं तरी 14 घरांचे वर्षाला 16,800 होतात, दाराची देखभाल त्यातून सहज निघते. पहिल्या वेळचा दरवाजाचा खर्च वेगळी वर्गणी काढून, तीन गुत्तेदारांचे लेखी भाव घेऊन, आणि तो कागद नोटीस बोर्डावर लावून. हिशोब भिंतीवर दिसला की गप्प बसणारे पण पैसे देतात, हा माझा अनुभव आहे.

बिल्डिंग आता तिशीला आलीय तर प्रवेशाच्या वरच्या छज्ज्याकडे पण मान वर करून बघा, प्लास्टर सुटलंय का, सळई दिसतेय का. आदर्श उपविधींत 15 ते 30 वर्षांच्या बिल्डिंगला 5 वर्षांतून एकदा आणि 30 च्या पुढे 3 वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, सांगितलंय.

देखभाल म्हणजे मोठं काही नाही. बिजागरीला दोन महिन्यांनी ग्रीस. कुलुपात मात्र तेल कधीच घालू नका, आपल्याकडची धूळ तेलाला चिकटते आणि चावी अडकते, पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड किंवा ग्राफाइट पावडर घाला. दरवाजाचा खालचा वीतभर भाग जिना धुतल्याच्या पाण्याने गंजतो, तिथे मेअखेरीस खरवडून रेड ऑक्साइड आणि वर ऑइल पेंट. आता या रविवारी दोनच गोष्टी करा, मीटर बोर्डापुढच्या गाड्या हलवा, आणि खांबाला ओळंबा लावून किती बोटं कलला ते लिहून ठेवा. जिन्याच्या चौकटीची उंची-रुंदी आणि समोरच्या पायरीचा फोटो पाठवा, दरवाजा कुठल्या बाजूला टांगायचा ते मी सांगतो.